लाटणं कुठे थांबतं ते बघा

भांडुपहून एका ताईंचं पत्र आलंय. नाव देऊ नका म्हणाल्यात म्हणून देत नाही. पत्र चार पानी आहे, थोडक्यात सांगते. ताई घरून पोळीभाजीचे डबे देतात, मिस्टर बेस्टमध्ये कंडक्टर आहेत, लेक यंदा बारावी सायन्स झाली, ७४ टक्के पडले, पीसीएमबी चारही विषय होते. मिस्टरांचं म्हणणं बी फार्म कर, नणंदेच्या मिस्टरांचं मेडिकलचं दुकान आहे, पुढेमागे आपलंही टाकता येईल. आणि लेक म्हणतेय मला फॉरेन्सिक करायचंय, म्हणजे गुन्ह्यातले पुरावे विज्ञानाने तपासायचं काम, डॉ. साळुंखेंसारखं. हे साळुंखे म्हणजे सीआयडी मालिकेतले. संध्याकाळी डब्याच्या पोळ्या चालू असताना घरात सीआयडीच लागलेलं असतं, जुना भाग असो नवा असो, आणि ही पोरगी सातवीपासून आईच्या शेजारी बसून पोळ्या लाटत लाटत ते बघत आलीये. आता वडील चिडलेत, मालिका बघून कोणी आयुष्य ठरवतं का म्हणून, आणि ताईंना वाटतंय चूक माझीच, टीव्ही मीच लावायचे. त्या विचारतायत, हे टीव्हीचं खूळ आहे का, चार महिन्यांत उतरेल का, ह्यात नोकऱ्या असतात का आणि मुलीच्या जातीने मढ्यांच्या कामात जावं का.

ताई, पत्र दोनदा वाचलं. आधी ते टीव्ही लावल्याचं ओझं मनावरून उतरवून ठेवा. दोन-अडीच तास उभ्याने-बसल्याने पोळ्या करायच्या तर माणूस काहीतरी ऐकणार, बघणारच. आणि तुमच्या लेकीने त्यातून रडारड, भांडणं, दागिने असलं काही उचललं नाही, एका प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माणसाला उचललं, हे मला तरी फार चांगलं वाटलं.

पण मी दुसऱ्यांदा पत्र वाचलं ते एका वाक्यासाठी. तिसऱ्या पानावर तुम्ही सहज लिहून गेलाय, "दया दरवाजा तोडतो तेव्हा ही मान पण वर करत नाही, पण ते साळुंखे आले की हिचं लाटणं थांबतं, मला ओरडावं लागतं अगं पोळी सुकतेय." ताई, तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तुम्हीच ह्या वाक्यात दिलंय. ते कसं ते सांगते, पण त्यासाठी आधी माझं थोडं ऐकावं लागेल.

आम्ही गिरगावात चाळीत राहायचो, आमच्या मजल्यावर दोनच टीव्ही होते. सातच्या मराठी बातम्या लागल्या की निम्मा मजला शेजारच्या काकांच्या दारात जमायचा. प्रदीप भिडे बातम्या द्यायचे, इतरही होते, आणि मी आठवी-नववीतली पोर, उंबऱ्यावर बसून ते सगळं असं बघायचे की आईने हाक मारलेली पण कळायची नाही. मग घरी येऊन गॅलरीत पेपर धरून मोठ्याने बातम्या वाचायच्या. मी सगळ्यांना सांगून टाकलं की मी वृत्तनिवेदिका होणार. घरच्यांना वाटलं हिला साडी नेसून, गजरा माळून टीव्हीवर दिसायची हौस आलीय. वडील म्हणाले, चेहरा दाखवायचे धंदे आपल्या घरात नकोत. मी पण हट्टाला पेटले आणि कॉलेज संपल्यावर एका ठिकाणी ऑडिशनला गेले, कुठे ते नाही सांगत. दुसऱ्या मिनिटाला मला थांबवलं, आवाज चांगलाय पण कॅमेऱ्यासमोर चेहरा आखडतो म्हणाले. घरी आले आणि पुढची दोन वर्षं बातम्या बघितल्याच नाहीत, कारण मला वाटलं की जे एकच हवं होतं तेच गेलं.

मग शाळेत मराठी शिकवायची नोकरी लागली, लागली म्हणजे दुसरं काही मिळालं नाही म्हणून घेतली. पहिल्याच आठवड्यात सहावीच्या वर्गात कविता वाचत होते, पन्नासेक पोरं, बाहेर रस्त्याचा आवाज, आणि एका कडव्याला सगळा वर्ग गप्प झाला. मला तिथे उभ्या उभ्या उंबऱ्यावरची ती पोर आठवली. मी टीव्हीवर साडी कधी बघितलीच नव्हती हो. मी त्यांचं तोंड बघत होते. वाक्य कुठे तोडतात, श्वास कुठे घेतात, 'ज्ञ' कसा म्हणतात, एखादं अवघड नाव आलं तर न अडखळता कसं पार पाडतात. मला शब्द मोठ्याने वाचायचे होते आणि ते कोणीतरी ऐकायला हवं होतं, एवढंच होतं ते. पुढे एकतीस वर्षं मी तेच केलं. वडिलांनी धंदे नकोत म्हणण्याऐवजी किंवा मी हट्ट करण्याऐवजी कोणीतरी एकाने मला विचारलं असतं, की बाळ तू त्यात नक्की बघतेस काय, तर ती दोन वर्षं वाचली असती.

म्हणून म्हणते, टीव्ही बघून मूल काहीतरी व्हायचं म्हणालं की आपण मालिकेचं नाव ऐकतो आणि तिथेच थांबतो. सीआयडी म्हटलं की झालं, खूळ. पण एकच मालिका चार पोरं चार तऱ्हेने बघतात. एकाला मारामारी आवडते, एकाला गाडीतून उतरायची ऐट आवडते, एखाद्याचं लक्ष कॅमेरा कुठून फिरतोय तिकडेच असतं आणि तो पुढे शूटिंगच्या लाइनला जातो. तुमची लेक दरवाजा तुटताना मान वर करत नाही. तिला पोलीस व्हायचं नाहीये. तिचा हात थांबतो तो कोणीतरी एक बारीकशी वस्तू उचलून, तपासून, ही काय सांगतेय ते सांगतो तेव्हा.

अर्थात त्यात अजून एक शक्यता आहे, ती पण मनात धरा. त्या सीनमध्ये एसीपीपासून सगळे गप्प उभे राहून साळुंखेंचं ऐकत असतात. एखाद्या मुलीला त्यातलं विज्ञान नाही, ते ऐकलं जाणं हवं असतं. त्यातही वाईट काही नाही, पण मग रस्ता बदलतो, कारण खऱ्या लॅबमध्ये दिवसचे दिवस कोणी तुमचं ऐकायला येत नाही. टीव्ही कामाचा मान दाखवतो, कामाचा दिवस दाखवत नाही. लेकीशी बोलाल तेव्हा हे दोन धागे वेगळे करून बघा.

आता मिस्टरांचा प्रश्न, मालिका बघून कोणी आयुष्य ठरवतं का. ठरवतात हो. १९८९ साली दूरदर्शनवर 'उडान' लागायची, तुमच्या मिस्टरांनाही आठवत असेल कदाचित. कविता चौधरींनी लिहिलेली, दिग्दर्शन त्यांचं, काम पण त्यांचंच, सर्फच्या जाहिरातीतल्या ललिताजी त्याच. ती गोष्ट त्यांच्या सख्ख्या बहिणीच्या आयुष्यावर होती, कांचन चौधरी भट्टाचार्य, आयपीएस, ज्या २००४ मध्ये उत्तराखंडला देशातल्या पहिल्या महिला पोलीस महासंचालक झाल्या. ती मालिका येईपर्यंत कितीतरी घरांमध्ये बाई आणि पोलीस ऑफिसर हे दोन शब्द एकत्र कोणी उच्चारलेच नव्हते, आणि मग दर आठवड्याला ती बाई घराघरात दिसायला लागली. माझ्या बरोबरीच्या दोघीजणींनी त्या दिवसांत स्पर्धा परीक्षेची पुस्तकं आणली होती, एक पुढे बँकेत गेली, एक मंत्रालयात. पोलिसात कोणीच नाही गेली, पण पुस्तकं आणली ती त्या मालिकेमुळे.

बाहेरच्या देशातही हेच. तिकडे १९९३ ला 'एक्स फाइल्स' नावाची मालिका सुरू झाली, त्यात डॅना स्कली म्हणून एक डॉक्टर बाई तपास करते. २०१८ मध्ये अमेरिकेत बायकांची पाहणी केली, त्यात विज्ञान-तंत्रज्ञानात काम करणाऱ्यांपैकी जवळपास दोन तृतीयांश जणींनी सांगितलं की ती आमचा आदर्श होती. आता त्या पाहणीत मालिकेची मालक कंपनी पण सामील होती, त्यामुळे आकडा जरा हात राखूनच घ्यावा, पण गोष्ट खोटी वाटत नाही मला. आणि २००० साली 'सीएसआय' सुरू झाल्यावर तिकडे फॉरेन्सिकच्या कोर्सना पोरांची रांग लागली. म्हणजे तुमच्या घरात जे झालंय ते जगात पहिल्यांदा झालेलं नाही.

पण ताई, इथून पुढचं लेकीला पण वाचायला द्या, कारण मालिका जे एका माणसात कोंबते ते खऱ्या आयुष्यात निदान तीन वेगळ्या नोकऱ्यांमध्ये वाटलेलं असतं आणि बारावीनंतर त्यांचे रस्ते इतके फुटतात की चुकलं तर परत यायला वर्षं जातात.

साळुंखे बॉडी पण तपासतात आणि टेस्ट ट्यूब पण हलवतात. प्रत्यक्षात पोस्टमॉर्टेम डॉक्टर करतात, केईएम, कूपर, राजावाडी असल्या हॉस्पिटलांमध्ये, आणि त्यातला तज्ज्ञ व्हायचं तर आधी 'नीट' ही प्रवेश परीक्षा, मग एमबीबीएस, मग फॉरेन्सिक मेडिसिनमध्ये एमडी. तो एक रस्ता. दुसरा रस्ता लॅबचा, तिथे डॉक्टर नसतात, केमिस्ट्री, बायोलॉजी, फिजिक्स शिकलेले लोक असतात. आपल्याकडे ती लॅब सांताक्रूझ पूर्वेला कलिन्याला आहे, राज्याच्या गृह विभागाखाली येते, न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा असं तिचं नाव, नागपूर, पुणे, नाशिक अशा बाकीच्या शहरांतही आहेत. आणि तिसरा रस्ता पोलिसांचा, संशयिताला बसवून प्रश्न विचारायचे, धरून आणायचं. त्याला फॉरेन्सिकची डिग्री लागतच नाही, कुठलंही ग्रॅज्युएशन करून एमपीएससीतून पीएसआय. (जाता जाता, राज्य सीआयडीचं मुख्यालय पुण्याला आहे, मुंबईत असल्या केसेस क्राइम ब्रँच बघते.) तुमच्या पत्रावरून मला लेक दुसऱ्या रस्त्यावरची वाटतेय, पण हे तिलाच ठरवू द्या.

आता त्या लॅबचा दिवस. माझी एक विद्यार्थिनी अशा लॅबमध्ये बरीच वर्षं आहे, तिला मी तुमचं पत्र आल्यावर फोन केला, तासभर बोललो. ती म्हणाली, बाई, आमच्याकडे गोष्ट येत नाही, बाटली येते. म्हणजे विषबाधेचा संशय असेल तर पोस्टमॉर्टेम करणारे डॉक्टर जठर, यकृत, मूत्रपिंडाचे तुकडे काढून मिठाच्या दाट पाण्यात बरणीत भरतात, त्याला व्हिसेरा म्हणतात, आणि तो सील होऊन पोलिसामार्फत लॅबला येतो. सगळ्यात आधी विष नाही बघायचं, सील बघायचं. लाख फुटलीय का, पत्रावरचा सीलचा नमुना आणि बरणीवरचं सील जुळतंय का, पंचनाम्यात जितका मुद्देमाल लिहिलाय तितका आलाय का. ते नीट नसेल तर आतमध्ये काहीही सापडो, कोर्टात वकील तिथेच धरतो. मग नोंद, नंबर, आणि मग आपली पाळी येईपर्यंत ती बरणी रांगेत. टीव्हीवर डीएनए जाहिरातीच्या आधी टाकतात आणि जाहिरातीनंतर जुळतो. खऱ्यात आधी तो डाग रक्ताचाच आहे का बघा, माणसाचं आहे का बघा, मग त्यातला डीएनए वेगळा काढा, वाढवा, मशिनवर चालवा, दोन नमुने शेजारी ठेवून आकडे जुळवा, आणि त्याच्याही आधी शंभर केसेस रांगेत. त्यामुळे रिपोर्टला आठवडे लागतात, महिने पण लागतात. त्या रिपोर्टला पोलीस आणि वकील सीए रिपोर्ट म्हणतात, रासायनिक विश्लेषकाचा म्हणून सीए. बऱ्याच केसेसमध्ये तो कागदच पुरावा म्हणून चालतो, पण कोर्टाने बोलावलं तर जावं लागतं आणि उलटतपासणीला उभं राहावं लागतं, आणि तिथे समोरचा वकील दोन वर्षांपूर्वीच्या एका चाचणीतली एक ओळ धरून अर्धा तास घेतो.

मी विचारलं, मग तुला कंटाळा नाही आला? ती म्हणाली, नाही बाई, कारण मशिनवर जेव्हा रेघ वर जाते ना, तेव्हा मला जे कळलेलं असतं ते त्या क्षणाला जगात अजून कोणालाच माहीत नसतं. ताई, हे ऐकल्यावर मला तुमच्या लेकीचं थांबलेलं लाटणं डोळ्यासमोर आलं.

ह्या कामाचं मोल किती असतं त्याचं आपल्या मुंबईतलंच उदाहरण आहे. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत गावठी दारू पिऊन शंभराहून जास्त माणसं गेली, बहुतेक हातावर पोट असलेली. दारूत मिथेनॉल होतं. प्यायच्या दारूतलं इथेनॉल आणि हे मिथेनॉल, दिसायला दोन्ही पाण्यासारखी, वासाने ओळखायला जाल तर फसाल, पण मिथेनॉलचं शरीरात जाऊन फॉर्मिक अॅसिड होतं, डोळे जातात, जीव जातो. कुठल्या कॅनमध्ये काय होतं आणि माणूस कशाने मेला हे कोणाच्या तरी टेबलावर बसून, नमुन्यामागून नमुना तपासूनच ठरतं. तिथे दरवाजा तोडून काही कळत नाही.

मढ्यांबद्दल तुम्ही विचारलंय. लॅबमध्ये मढी येत नाहीत, ते हॉस्पिटलमध्येच. पण मी तुम्हाला गोड गोड सांगून फसवणार नाही. व्हिसेराचा वास असतो, आणि वासापेक्षा जड अशा गोष्टी असतात. माझी विद्यार्थिनी म्हणाली, लहान मुलांवरच्या अत्याचाराच्या केसमध्ये पाकिटातून एक एवढासा फ्रॉक निघतो, त्यावर कार्टून असतं, आणि त्याच फ्रॉकवर आपल्याला खुणा करून तुकडे कापायचे असतात, त्या दिवशी घरी गेल्यावर मी जेवत नाही. हे टीव्हीवर कधी दाखवत नाहीत. हे तुमच्या लेकीला सांगा, घाबरवायला नाही, तिला आधीच माहीत असावं म्हणून. सगळीच खाती अशी नसतात, खोट्या सह्या आणि कागदपत्रं तपासणारं खातं असतं, गोळ्या-बंदुकीचं असतं, मोबाइल आणि कॉम्प्युटरचं सायबर खातं असतं. आणि मुलीच्या जातीचं म्हणाल तर माझ्या विद्यार्थिनीच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना मुलीच आहेत. मुलीच्या जातीला जमतं का हा प्रश्न सोडून द्या, तुमच्या मुलीला सोसेल का एवढाच विचारा.

शिक्षणाचं थोडक्यात. फोर्टला मादाम कामा रोडवर शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहे, तिथे फॉरेन्सिकची बीएस्सी आणि एमएस्सी होते, सरकारी आहे त्यामुळे फी खासगीच्या मानाने कमी. नागपूर आणि संभाजीनगरलाही तशीच संस्था आहे. गांधीनगरला राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ आहे, २०२० च्या कायद्याने झालेलं. खासगी कॉलेजांनी पण हा कोर्स धडाधड सुरू केलाय आणि तिथे मी तुम्हाला हात जोडून सांगेन की माहितीपत्रकावर भिंगातून ठसे बघणाऱ्या मुलीचा फोटो आहे म्हणून लाखांनी फी भरू नका, ते कॉलेज टीव्हीच विकतंय. लॅब बघायला मागा, मशीन चालू आहे का विचारा, मागच्या बॅचची मुलं कुठे लागली त्यांचे नंबर मागा.

आणि एक गोष्ट जी ह्या क्षेत्रातली बरीच माणसं सांगतात ती मला पटते. आधी साधी केमिस्ट्रीची बीएस्सी करायची, चांगल्या कॉलेजातून, आणि एमएस्सी फॉरेन्सिकची. कारण सरकारी लॅबच्या जागा काही दरवर्षी निघत नाहीत, आणि निघतात तेव्हा अर्जांचा ढीग पडतो, मग मधली वर्षं पोरीने काय करायचं? हातात केमिस्ट्री असेल तर औषध कंपनीची क्वालिटी कंट्रोल लॅब आहे, अन्न तपासणी आहे, कितीतरी आहे. वैज्ञानिक सहायक पदाची जुनी जाहिरात शोधून पात्रता काय लिहिलीय ते शब्दन् शब्द वाचा, मगच कोर्स निवडा. मागणी वाढेल असं मात्र वाटतं, कारण १ जुलै २०२४ पासून नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे गुन्ह्याचा तपास आणि खटला कसा चालवायचा त्याचा कायदा, लागू झालीये आणि तिच्यात सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करणं सक्तीचं केलंय. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे, म्हणजे तुमची लेक शिकून बाहेर पडेल साधारण तेव्हाच.

मिस्टरांशी भांडू नका. त्यांनी सांगितलेली फार्मसी ही काही शत्रू नाही, बी फार्मला पण औषधाचं पृथक्करण असतं, पुष्कळ मशिनं तीच असतात. त्यांना लेकीचं पोट भरायची काळजी आहे, आणि रोज गाडीवर बारा तऱ्हेची माणसं बघणाऱ्या माणसाला ती काळजी वाटणारच. फक्त त्यांनाही विचारा की मेडिकलच्या दुकानात बसायचं हे तरी आपण कुठून ठरवलं, तर ते एक दुकान आपल्याला दिसतंय म्हणूनच ना. आपल्याला जे दिसतं त्यातूनच आपण निवडतो, कोणाला टीव्हीत दिसतं, कोणाला नातेवाइकांत.

आणि ह्याचीच मला जास्त काळजी वाटते ताई, मालिका काय दाखवते त्यापेक्षा ती काय दाखवत नाही त्याची. पोलीस, डॉक्टर, वकील, मोठाली कंपनी चालवणारा घराण्यातला मुलगा, झालं. तुम्ही भांडुपला राहता. तुमच्या तिथे भांडुप कॉम्प्लेक्स आहे, आशियातल्या मोठ्यात मोठ्या जलशुद्धीकरण केंद्रांपैकी एक, निम्म्याहून जास्त मुंबई तिथून आलेलं पाणी पिते. तिथे पाणी सतत तपासावं लागतं, गढूळपणा किती, क्लोरीन किती, जंतू आहेत का, आणि ते तपासणारे केमिस्ट असतात, तीच काचेची भांडी, तोच बारीक तपास, तीच ती शांतता. तुमच्या कणकेत जे पाणी जातं त्यावर पण कोणीतरी सही केलेली असते. त्यांच्यावर कोणी मालिका काढली नाही म्हणून तुमच्या लेकीला ती माणसं माहीतच नाहीत, घरापासून हाकेच्या अंतरावर असून. तिचं लाटणं ज्या गोष्टीला थांबतं ती गोष्ट अशा दहा जागी सापडेल, तिला त्या दहाही कळू द्या, मग तिला फॉरेन्सिकच हवं असेल तर खुशाल फॉरेन्सिक.

ह्या आठवड्यात एवढं करा. एक दिवस संध्याकाळी पोळ्या करताना साळुंखे आले की ओरडू नका, एक पोळी सुकली तर सुकू दे. सीन संपला की टीव्हीचा आवाज बंद करा आणि विचारा, आत्ता तू काय बघत होतीस? दुसरं काही नको, सल्ला नको, बाबा काय म्हणतात ते नको. ती जे सांगेल ते ऐका. "ते कसं कळलं त्यांना ते बघत होते" असं म्हणाली तर एक, "सगळे त्यांचं कसं ऐकतात" म्हणाली तर दुसरं, आणि काहीतरी तिसरंच म्हणाली तर मला लिहून कळवा, मला खरंच ऐकायचंय.

मग मिस्टरांच्या सुट्टीच्या दिवशी तिघं मिळून फोर्टला त्या संस्थेत जा, सुट्टी रविवारी येत असेल तर एक दिवस बदलून घ्या, कारण रविवारी तिथे कोणी भेटायचं नाही. भांडुपहून स्लो पकडून सीएसएमटी, तिथून कुठली बस ते मिस्टरांना तोंडपाठ असेल, त्यांनाच पुढे होऊ द्या. गेटवर शिकणाऱ्या पोरी भेटतील, त्यांना गाठा, ऑफिसपेक्षा त्या जास्त सांगतील, लेकीला त्यांच्याबरोबर अर्धा तास एकटं सोडा आणि तुम्ही दोघं बाहेर चहा घ्या. प्रवेशाची पद्धत आणि तारखा तिथल्या नोटीस बोर्डावरूनच उतरवून घ्या, ह्या गोष्टी वर्षागणिक बदलतात. आणि बी फार्मच्या प्रवेशाचा फॉर्म पण भरून ठेवा, त्याची शेवटची तारीख कॅलेंडरवर लिहा, ती चुकवू नका.